बांबोळीला सीट मिळाली, आता कुठलं ॲप घ्यायचं?

नीटचा निकाल लागला, पर्वरीला डीटीईचे (तंत्रशिक्षण संचालनालयाचे) प्रवेशाचे राऊंड सुरू झाले आणि पोराचं किंवा पोरीचं नाव एकदाचं गोमेकॉच्या, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या यादीत दिसलं की घरात आनंदाबरोबर एक नवीनच धावपळ सुरू होते. पुस्तकं कुठली घ्यायची हे दुसऱ्या दिवशी विचारतात, पहिल्या दिवशी विचारतात ‘ॲप कुठलं घ्यायचं?’ साखळीची मावशी विचारते, फोंड्याचा मित्र भाचीसाठी विचारतो, आणि विचारेपर्यंत बहुतेक वेळा कुणीतरी फोनवर सांगून ठेवलेलं असतं की डिस्काउंट आज रात्री बारापर्यंतच आहे, सगळ्या वर्षांचं एकदम घेतलं तर स्वस्त पडेल. माझं उत्तर दरवेळी तेच असतं आणि ते कुणालाच आवडत नाही. कॉलेजची पहिली इंटर्नल परीक्षा होईपर्यंत काहीही विकत घेऊ नका. नंतर घ्यायचं तर घ्या, पण एकच बघा, ती वस्तू पोराला प्रश्न विचारते का? नुसतं सांगत बसणारी असेल तर सांगणारे कॉलेजात भरपूर आहेत, त्यांच्या समोर बसायला थिअरीची ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलची ८० टक्के अटेंडन्स तशीही लागतेच.

हे ॲपवाले फसवतात असं मला अजिबात म्हणायचं नाही. मॅरो, प्रेपलॅडर, सेरेबेलम ही सगळी नावं मोठी झाली ती मुख्यतः पीजी एंट्रन्सच्या जोरावर, तिथं शिकवणारे बरेच जण खरंच चांगलं शिकवतात, आणि फायनल इयर किंवा इंटर्नशिपमधल्या पोरानं ते घेतलं तर मी एक शब्द बोलणार नाही. पण नीट पीजी म्हणजे साडेतीन तासांत २०० एमसीक्यू (पर्याय निवडायचे प्रश्न), आणि ती येते साडेचार वर्षं एमबीबीएस आणि वर्षभराची इंटर्नशिप झाल्यावर. आज जे पोर डिसेक्शन हॉलच्या वासानं पहिल्या आठवड्यात दुपारचं जेवू शकत नाही त्याला त्या परीक्षेची भीती घालून आज पैसे घ्यायचे, हा धंदा म्हणून हुशार आहे, अभ्यास म्हणून नाही. वर ‘नेक्स्ट येतेय’, म्हणजे एमबीबीएसच्या शेवटी सगळ्यांना एकच परीक्षा येतेय, ही दुसरी भीती. ती परीक्षा २०१९च्या कायद्यात आहे हे खरं, पण जुलै २०२३मध्ये एनएमसीनं (नॅशनल मेडिकल कमिशननं) ती पुढं ढकलली हेही तितकंच खरं, आणि जिचा पॅटर्न पक्का व्हायचाय तिची तयारी पहिल्याच महिन्यात विकत घ्यायची म्हणजे जरा जास्तच घाई झाली. बरं, घेतलेला कंटेंट दरवर्षी अपडेट होतो, पॅटर्न बदलतो, म्हणजे खरी गरज लागेल तेव्हा परत नवीन एडिशन घ्यावीच लागते.

मुळात फर्स्ट एमबीला, म्हणजे एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला विचारतात काय हे आधी बघायला हवं, आणि हे आई-बाबांना कुणी सांगतच नाही. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री असे तीन मोठे विषय. एनएमसीच्या नियमाप्रमाणे थिअरीत एमसीक्यू जास्तीत जास्त २० टक्के. बाकी सगळं हातानं लिहायचं, लाँग क्वेश्चन, शॉर्ट नोट, आकृत्या. त्याशिवाय प्रॅक्टिकल, स्पॉटर (समोर ठेवलेला भाग ओळखणं) आणि व्हायवा (तोंडी परीक्षा). म्हणजे एमसीक्यूच्या क्यूबँकवर (प्रश्नसंचावर) रोज रात्री दोन तास घालवणारं पोर थिअरी पेपरच्या फार तर पाचव्या हिश्श्याची तयारी करत असतं, आणि त्याला वाटत असतं सगळी होतेय. चार पर्यायांतून बरोबर ओळखणं आणि कोऱ्या कागदावर ब्रेकियल प्लेक्सस (हाताला जाणाऱ्या नर्व्हचं जाळं) रूटपासून ब्रँचपर्यंत काढून खाली अप्लाइड, म्हणजे रुग्णात त्याचा उपयोग, लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत. एक येतं म्हणून दुसरं येत नाही, आणि दुसरं आलं तर पहिलं जवळजवळ फुकटात येतं. म्हणून फर्स्ट एमबीतला सगळ्यात चांगला रिसोर्स विचाराल तर गोवा युनिव्हर्सिटीचे मागच्या वर्षांचे पेपर आणि एक बॉलपेन. हे ऐकलं की लोक माझ्याकडे अशा नजरेनं बघतात की मी काहीतरी लपवून ठेवतोय.

आता व्हिडिओ. व्हिडिओ बघून समजतं हे मला मान्य आहे, आणि गडबड तिथंच आहे, कारण समजलं की पोर थांबतं. बारा मिनिटांत ब्रेकियल प्लेक्सस समजला, रंगीत ॲनिमेशन होतं, सर मजेशीर होते, डोक्यात लख्ख उजेड पडला. आता लॅपटॉप बंद करून काढायला सांगा. ट्रंकपर्यंत येतं, डिव्हिजनला अडकतं, पोस्टेरियर कॉर्डच्या ब्रँच विचारल्या की हसतं. रोडिजर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६मध्ये हेच अगदी साध्या प्रयोगात दाखवलंय. कॉलेजच्या मुलांनी एक उतारा दोनदा वाचला, दुसरा एकदा वाचला आणि मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तर दोनदा वाचलेला पुढे होता, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिलेल्यातलं ५६ टक्के आठवत होतं आणि दोनदा वाचलेल्यातलं ४२. म्हणजे पाच मिनिटांनंतर जे बरं वाटतं तेच आठवड्यानं दगा देतं, आणि आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते. डनलॉस्की आणि मंडळींनी २०१३मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या त्यात स्वतःची टेस्ट घेणं आणि उजळणी दिवसांवर पसरून करणं या दोनच पद्धती वरच्या गटात आल्या, परत परत वाचणं आणि हायलायटर खालच्या. हायलायटर तरी वीस-तीस रुपयांना मिळतो. व्हिडिओचं सबस्क्रिप्शन हजारोंत जातं आणि त्यातला बराच भाग परत परत वाचण्याचाच महागडा प्रकार असतो.

विषयानुसार मात्र फरक आहे, सगळ्याला एकच औषध नाही.

ॲनाटॉमीला पैसे घालवायची इच्छा सगळ्यात जास्त होते, कारण थ्रीडी ॲप दिसायला सॉलिड असतात. कम्प्लीट ॲनाटॉमी, व्हिजिबल बॉडी, बोट फिरवलं की माणूस फिरतो, स्नायू एकेक करून काढता येतात. डिसेक्शनच्या आदल्या रात्री उद्या काय कुठं सापडणार हे डोक्यात बसवायला ते चांगलंच आहे, पण तेवढं काम टीचमीॲनाटॉमीसारख्या फुकटच्या साइटवर आणि लायब्ररीतल्या ॲटलासवरही होतं. ॲपमध्ये आर्टरी लाल, व्हेन निळी, नर्व्ह पिवळी. टेबलावरच्या बॉडीत फॉर्मलिननं सगळं एकाच मळकट रंगाचं झालेलं असतं, नर्व्ह कुठली आणि फेशियाचा धागा कुठला हे बोटानं चाचपून, मागे कुठून येतोय पुढे कुठं जातोय ते बघूनच कळतं. आणि स्पॉटरला पिन लावतात ती या मळकट बॉडीवर. आपल्याकडे चवथीला गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधतात तेव्हा कवंडळ कुठलं, आंबाडे कुठले, सुपारीची शिपटी कुठली हे पोरांना कोण शिकवतं? आजी एकेक हातात देते आणि विचारते हे काय, चुकलं की सगळ्यांसमोर हसते, पुढच्या वर्षी चुकत नाही. स्पॉटिंगची तयारी अशीच होते, हातात देऊन आणि विचारून. त्यासाठी लागतो एक सीनियर, एक बोन सेट आणि डिसेक्शनची वेळ संपल्यावर अर्धा तास टेबलाशी थांबायची तयारी. बोन सेट बऱ्याचदा सीनियरकडून खाली येतो, कधी अर्ध्या किमतीत, कधी ‘तुझ्या ज्युनियरला दे’ एवढ्याच अटीवर. हॉस्टेलच्या खोलीत फीमर (मांडीचं हाड) हातात धरून साइड सांग, वर काय, पुढे काय, ही अटॅचमेंट कुणाची असं रूममेटला छळणं, यापेक्षा चांगलं ॲप मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

हिस्टॉलॉजीचं (मायक्रोस्कोपखालच्या ॲनाटॉमीचं) थोडं वेगळं. स्लाइड कॉलेजच्या वेळेतच बघायला मिळतात, मग रात्री उजळणी कशाची करणार? इथं इंटरनेट खरंच कामाला येतं, मिशिगनसारख्या परदेशी युनिव्हर्सिट्यांनी व्हर्च्युअल स्लाइड उघड्या ठेवल्यात, मायक्रोस्कोपसारखं झूम करता येतं. नाव झाकायचं, ओळखायचं, दोन पॉइंट सांगायचे. आणि जर्नलमध्ये जांभळ्या-गुलाबी पेन्सिलीनं आकृती काढणं हे वेळ फुकट घालवणं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा न बघता काढून बघावी.

बायोकेमिस्ट्रीला अंकी. याबद्दल मी जरा पक्षपाती आहे ते आधीच सांगतो. फ्लॅशकार्डचं हे सॉफ्टवेअर २००६पासून आहे, कॉम्प्युटरवर फुकट, अँड्रॉइडवर अंकीड्रॉइड फुकट, आयफोनवाल्यांना मात्र एकदा पैसे मोजावे लागतात. कार्ड विसरलात तर लवकर परत येतं, आठवलं तर उशिरा. व्हिटॅमिनची डेफिशियन्सी, रेट लिमिटिंग एंझाइम, कुठला एंझाइम नसला तर कुठला आजार, असलं सुटं सुटं पाठांतर त्यात फिट बसतं. ग्लायकोलिसिसची रेट लिमिटिंग स्टेप कुठली? फॉस्फोफ्रुक्टोकायनेज-१. हे कार्ड तीन महिन्यांनी परत समोर येतं तेव्हा कळतं की अंकी काय करते. पण दोन भानगडी आहेत. पहिली म्हणजे पोरं अमेरिकन डेक उतरवतात. अँकिंगचा डेक तीस हजारांहून जास्त कार्डांचा आहे, तो यूएसएमएलई या अमेरिकन डॉक्टरकीच्या परीक्षेच्या स्टेप १ आणि स्टेप २साठी बनलाय, त्यात आपल्या लाँग क्वेश्चनमधली अर्धी ग्रॉस ॲनाटॉमी नाही आणि आपल्याला दुसऱ्या वर्षाला लागणारं फार्माकॉलॉजी-पॅथॉलॉजी ढीगभर आहे. (आणि ती स्टेप १ परीक्षा स्वतःच जानेवारी २०२२पासून नुसती पास-फेल झालीय, आपल्याकडे तिचे रिसोर्स मात्र अजून देव्हाऱ्यात आहेत.) दुसरी भानगड आकड्याची. अंकी सुरुवातीला रोज २० नवीन कार्डं देते, दिसायला थोडी, पण काही आठवड्यांत रोजची उजळणी दीडशे-दोनशेवर जाते, मग चवथीला चार दिवस घरी गेलं की परत आल्यावर डोंगर उभा असतो आणि पोर ते ॲपच डिलीट करतं. रोज आठ-दहा कार्डं, स्वतः बनवलेली, तीही लेक्चरच्याच दिवशी, एवढं पुरे.

फिजिऑलॉजी कार्डात मावत नाही. कार्डियाक सायकल किंवा नेफ्रॉनमधलं काउंटर करंट तुकड्या-तुकड्यानं पाठ करून काही होत नाही, एकातून दुसरं निघतं. इथं मी व्हिडिओला जागा देतो, निंजा नर्डसारखे फळ्यावर सगळं काढत तासभर शिकवणारे यूट्यूबवर फुकट आहेत. पण अट अशी की पुस्तकात वाचून अडलात तर बघायचं, आधीच नाही, आणि बघून झालं की तोच फळा आपण उभं राहून रंगवायचा, कुणीतरी समोर बसवून. समोरच्यानं ‘का?’ विचारलं पाहिजे. प्रीलोड वाढला तर स्ट्रोक व्हॉल्यूम का वाढतो? तिथं ततपप झालं की कळतं आपल्याला व्हिडिओतल्या सरांचं समजलं होतं, हृदयाचं नाही.

या समोर बसवण्याचा आपल्या मुलांना आणखी एक फायदा आहे. सत्तरी, पेडणे, डिचोलीतून येणारी कितीतरी मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली असतात, पुढे इंग्रजी माध्यम, नीटमध्ये चांगले मार्क, म्हणजे इंग्रजी वाचायला-लिहायला काही अडचण नसते. पण नीटमध्ये तोंड उघडावंच लागत नाही. व्हायवाला समोर एक्स्टर्नल (बाहेरच्या कॉलेजचे परीक्षक) बसलेले असतात आणि उत्तर डोक्यात असून बाहेर येत नाही, मग मार्क कमी पडतात आणि पोराला वाटतं आपला अभ्यास कमी पडला. यावर ॲप काय करणार? आधी मराठीत किंवा कोंकणीत बिनधास्त समजावून सांगावं, कुणी हसत नाही, मग तेच उभं राहून इंग्रजीत. मध्य प्रदेशात ऑक्टोबर २०२२मध्ये एमबीबीएसची हिंदी पुस्तकं निघाली तेव्हा आपल्याकडेही मराठीत का नाही म्हणून चर्चा झाली, मला ती पुस्तकं हवीत की नकोत यात फार रस नाही, कारण अडतं ते बोलायला, आणि बोलायची सवय पुस्तक कुठल्याही भाषेत असलं तरी पुस्तकातून लागत नाही.

चॅटबॉटबद्दल दोन वाक्यं, कारण आता सगळे तेच वापरतात. आपल्या नोट्स त्यात टाकून ‘यावर मला व्हायवासारखे प्रश्न विचार’ म्हटलं तर उत्तम, कंटाळत नाही आणि रागावत नाही, पण त्यालाच पुस्तक समजून नर्व्हची रूट व्हॅल्यू विचारली तर चुकीचं उत्तरही तितक्याच आत्मविश्वासानं देतो आणि फर्स्ट एमबीच्या पोराला ते ओळखता येत नाही. आणि टेलिग्रामवर चोरून फिरणारे लेक्चर, ते फुकट असतात म्हणून पोरं दोनशे तास डाउनलोड करून ठेवतात आणि बघत एकही नाहीत, तेव्हा चोरीचा मुद्दा सोडला तरी अभ्यासाचा फायदा शून्यच.

मला खरं बोलायचंय ते कॉलेजबद्दल. ही सगळी खरेदी घराघरात वेगवेगळी होते, ज्याच्याकडे पैसे आहेत तो तीन सबस्क्रिप्शन घेतो, ज्याच्याकडे नाहीत त्याला वाटतं आपण मागे पडलो, आणि सरकारी कॉलेजात ही भावना यायला नको. गोमेकॉची परंपरा १८४२च्या एस्कोला मेडिका या पोर्तुगीज काळातल्या मेडिकल स्कूलपासूनची, पणजीतल्या तिच्या जुन्या वास्तूत आता इफ्फीची (चित्रपट महोत्सवाची) गर्दी असते, आणि पणजीची सेंट्रल लायब्ररी तर त्याहून दहा वर्षांनी जुनी, १८३२ची. सगळ्यांनी मिळून एक वस्तू वापरायची ही कल्पना आपल्याला नवीन नाही. थ्रीडी ॲटलासचं एक लायसन्स लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर ठेवलं तर बॅचच्या शंभरावर घरांना ते वेगवेगळं घ्यावं लागणार नाही. मागच्या वर्षांचे पेपर एका जागी, विषय आणि चॅप्टरप्रमाणे लावून, पहिल्याच आठवड्यात मुलांच्या हातात द्यावेत, म्हणजे सीनियरची ओळख असेल तरच मिळतात ही भानगड संपेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पार्ट कम्प्लिशनच्या (शरीराचा एकेक भाग संपल्यावरच्या टेस्टच्या) आधी एक संध्याकाळ डिसेक्शन हॉल आणि म्युझियम उघडं ठेवून मार्क नसलेलं स्पॉटिंग घ्यावं, पिन सीनियर लावतील, एक ट्यूटर असला म्हणजे झालं. यात नवीन इमारत लागत नाही, टेंडर तर नाहीच.

यावर प्राध्यापक मंडळी म्हणतील की जुने पेपर हातात दिले की पोरं तेवढंच वाचतात. वाचतात, खरंय. पण तेवढंच वाचून पास होता येत असेल तर तो दोष पेपर काढणाऱ्यांचा झाला, पेपर वाचणाऱ्यांचा नाही, आणि लपवल्यानं तो जात नाही, फक्त ज्याचा मोठा भाऊ डॉक्टर आहे त्याच्या सोयीचा होतो. सीनियरच्या नोट्स आणि तयार अंकी डेक वाटण्याला मात्र माझा थोडा विरोध आहे, कारण कार्ड बनवताना जे शिकायचं ते दुसऱ्याच्या कार्डात मिळत नाही. प्रश्न वाटा, उत्तरं ज्याची त्यानं लिहावीत.

आयपॅडचंही विचारतात, ते राहिलंच. लिहायला छान आहे, आकृत्या काढायला छान आहे, पण परीक्षेत कागद आणि पेन देतात, तीन तास लिहून हात दुखतो, ती सवय काचेवर होत नाही. घरी आधीच असेल तर वापरा, नसेल तर त्यासाठी कर्ज काढायची काही गरज नाही.

आणि ज्यांनी सगळ्या वर्षांचं पॅकेज आधीच घेऊन ठेवलंय त्यांनी लगेच कपाळाला हात लावू नका. क्यूबँक आहे ना त्यात, ती उघडायची, पण चॅप्टर वाचून, न बघता लिहून झाल्यावर. व्हिडिओ अडलं तरच. कॉलेजात जे लेक्चर चुकवलंत त्याच्या बदल्यात व्हिडिओ हा हिशोब चालत नाही, अटेंडन्सच्या वहीत ॲपची सही नसते. आणि पॅकेज घेऊन फार दिवस झाले नसतील तर अभ्यासाला बसायच्या आधी रिफंडची मुदत किती आहे ते वाचून घ्या, ती बहुधा खाली बारीक अक्षरात असते.